ताप उतरला की धोका!

प्रेशर कुकरच्या झाकणावर शिटीपासून थोड्या अंतरावर एक लहानशी गोल वस्तू बसवलेली असते. पुष्कळ घरांत तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहत नाही. शिटी वाफ सोडते, आवाज करते, तीन झाल्या की गॅस बंद करायचा हे पोरासोरांनाही ठाऊक असते. ही गोल वस्तू मात्र जन्मभर काहीच करीत नाही. एखाद्या दिवशी शिटीच्या भोकात डाळीचे साल अडकते, वाफेला वाट उरत नाही, आणि मग तिची पाळी येते. तिच्यातला मिश्रधातू वितळतो, वाफ मोकळी होते आणि स्वयंपाकघर बचावते. त्या दिवशी वरण मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. न्हाणीघरातल्या गिझरचेही तसेच. पाणी पुरेसे तापले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. तो चिकटून बसला तर दुसरा कटआउट. आणि तोही फसला तर शेवटी वितळून वाट मोकळी करणारे एक बूच. बादलीभर गरम पाण्यासाठी तीन पहारेकरी!

हे सगळे पहारेकरी धातूचे आहेत, हाताला लागतात. परंतु आता शाळांतून, आणि हळूहळू हौशी मंडळींच्या घरांतूनही, एक असे यंत्र येऊ लागले आहे की ज्याच्या डोक्यात दोनशे अंशांची उष्णता तासन् तास पेटती असते आणि तिच्यावरचा मुख्य पहारेकरी नुसता मजकुराचा असतो; संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या काही ओळींचा. यंत्राच्या मेंदूत कायम भरून ठेवलेल्या अशा मजकुराला फर्मवेअर म्हणतात. यंत्राचे नाव थ्रीडी प्रिंटर. मी मंचरकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मजकूर वाचणे हे माझे एकुलते एक भांडवल, आणि या ओळींशी माझी गाठ पडली तीही त्याच कारणाने.

आंबेगाव आणि जुन्नर हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे शेजारी तालुके. पुण्यामुंबईच्या वाचकांना ते भीमाशंकरच्या वाटेमुळे, शिवनेरीमुळे आणि नारायणगावच्या टोमॅटोमुळे ठाऊक असतात. पण या मुलखाचे आकाशाशीही जुने नाते आहे. उपग्रहांशी बोलणारे केंद्र नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली उभे राहिले. पुढे खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून महाकाय रेडिओ दुर्बीण झाली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा एका जागी आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना शेतांमधून दूरवर पसरलेल्या. दर वर्षी विज्ञान दिनाला खोडदला जत्रा भरते. दोन्ही तालुक्यांतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन तिथे जातात आणि आजूबाजूच्या गावांतली माणसे ते बघायला येतात.

आता योगायोग असा, की २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणून मराठी भाषा गौरव दिन, आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. २०२४ साली नारायणगावच्या बाजूच्या एका शाळेने मला पहिल्या दिवसाच्या भाषणाला बोलावले. भाषण मुलांनी शांतपणे ऐकून घेतले, पण सर्वांचे चित्त दुसऱ्या दिवसावर होते. चहा झाला आणि आठवीतल्या पाचसहा मुलामुलींनी मला प्रयोगशाळेत ओढून नेले.

“सर, आम्हाला चार शब्दांचं मराठी पाहिजे. फलकावर लिहायचंय.”

टेबलावर ते यंत्र होते. २०१६ पासून सरकारने शाळांना प्रयोगशाळांसाठी साहाय्य द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून अशी यंत्रे खेड्यांतही पोहोचली आहेत. कामाची रीत सोपी आहे. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार वरून आत जाते, तापलेल्या ठोकळ्यात वितळते आणि सुईच्या अग्रासारख्या तोटीतून बारीक धारेने खाली उतरते. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. फक्त हा सोऱ्या स्वतःच फिरतो आणि एका थरावर दुसरा थर रचत जातो. मुले खोडदच्या तबकडीची प्रतिकृती छापत होती. नऊ तासांचे काम. पण सकाळपासून यंत्र तीनदा मधेच थांबले होते आणि प्रत्येक वेळी पडद्यावर इंग्रजी शब्द उमटले होते. तेच शब्द, आणि पुस्तिकेत सापडलेले त्यांचे भाऊबंद, त्यांना मराठीत हवे होते: मिनटेम्प, मॅक्सटेम्प, हीटिंग फेल्ड आणि थर्मल रनअवे.

पहिले तीन सोपे. ‘ताप फार कमी’, ‘ताप फार जास्त’, ‘ताप चढेना’. चौथ्याला मी ‘ताप बेलगाम’ सुचवले. मुलांना शब्द आवडला. पण एक मुलगी गप्प होती. ती म्हणाली, “सर, पण आकडा तर उतरतो. दोनशेवर होता, तो एकशेऐंशीवर आला आणि मग यंत्र थांबलं. उतरल्यावर बेलगाम कसा?”

भाषांतर करणाऱ्याला असा प्रश्न म्हणजे आव्हानच. अर्थ कळल्याशिवाय शब्द द्यायचा नाही, हे मी वर्गात सांगत आलो आहे. विज्ञानाच्या मॅडम होत्या, आणि त्यांनी फोन करून बोलावलेला एक तरुण थोड्याच वेळात मोटारसायकलवरून आला. मुले त्याला ‘दादा’ म्हणत. तो पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलेला. आंबेगावची हद्द ओलांडली की शिरूर तालुक्यात पाबळ लागते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली, हाताने काम करीत शिकायची एक वेगळीच शाळा काढली. शाळा सोडलेली मुले तिथे वर्षभरात जोडकाम, विजेचे काम, शेती शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी आपली फॅब लॅब ही कल्पना बोस्टनबाहेर नेली, तेव्हा २००२ च्या सुमारास जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक या पाबळला आली. त्यामुळे या भागात अशी यंत्रे उघडून बसवणारी मुले सापडतात. शहरातल्या दुकानदाराला हे खरे वाटत नाही.

दादाने जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे. यंत्राला उष्णता दिसत नाही. तापणाऱ्या ठोकळ्यात दोन गोष्टी खोचलेल्या असतात. एक हीटर, साधारण चाळीस वॉटचा, काडीपेटीतल्या काडीच्या निम्म्या लांबीचा पण जाडजूड. दुसरा थर्मिस्टर, म्हणजे मोहरीएवढा काचेचा मणी आणि त्याच्या दोन तारा. हा मणी तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. पंचवीस अंशांना तो सर्वसाधारणपणे एक लाख ओहम असतो. दोनशे अंशांना काही शेंवर उतरतो. यंत्र हा रोध मोजते आणि कोष्टकावरून तापमान ठरवते. वैद्याने रोग्याला न पाहता फक्त नाडीची दोरी हातात धरावी, तसे.

आता दोरी तुटली तर? तुटलेल्या तारेचा रोध अपार, आणि अपार रोध म्हणजे कोष्टकात कडाक्याची थंडी. भोळे यंत्र समजेल की ठोकळा गारठला आहे, आणि हीटरला सांगेल, “आणखी तापव!” म्हणून पहिला पहारा: आकडा पाच अंशांच्या खाली गेला तर तो खोटा माना आणि वीज तोडा. तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट होते. रोध शून्याजवळ, आकडा भलताच वर. म्हणून दुसरा पहारा, पुष्कळ यंत्रांत २७५ अंशांच्या आसपास. हे दोन पहारे समजायला सोपे.

खरी मेख पुढे आहे. मणी धड आहे, तारा धड आहेत, पण मणी ठोकळ्यातून निसटून बाहेर लोंबतो आहे. तो प्रामाणिकपणे खोलीतल्या हवेचे तापमान सांगतो, समजा तीस अंश. तीस हा आकडा ना फार कमी ना फार जास्त. दोन्ही पहारेकरी सलाम ठोकून बाजूला होतात. यंत्राला हवेत दोनशे, दिसतात तीस. ते पूर्ण जोराने हीटर चालवते आणि चालवतच राहते. ठोकळा अडीचशे ओलांडतो, तीनशे ओलांडतो, पडद्यावर तीसच. प्लास्टिक करपते, धूर होतो, आणि जवळपास जळण्यासारखे काही असेल तर पुढचे सांगायला नको. परदेशात काही स्वस्त यंत्रे या पहाऱ्याशिवायच विकली गेली होती आणि त्यांतून घरांत आगी लागल्या. म्हणून या बिघाडाचे नाव बेलगाम. आकडा उतरतो त्याच वेळी खरी आग चढत असू शकते! त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. पडद्यावरचा संदेश डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचे नाव घेत नाही, न दिसणाऱ्या भयाचे घेतो.

मग हे ओळखायचे कसे? आकडा एकटा पाहून नाहीच ओळखता येत. आपण काय हुकूम दिला आणि त्याचे फळ काय दिसले, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागते. हीटर पूर्ण जोराने चालू आहे ना? मग ठरावीक सेकंदांत आकडा दोन अंश तरी चढलाच पाहिजे. नाही चढला तर हीटर मेला आहे, किंवा मणी जागेवर नाही. दोन्हींत उपाय एकच: वीज तोडा, मोटारी थांबवा, संदेश दाखवा आणि माणूस येऊन बंद-चालू करीपर्यंत गप्प बसा. पुन्हा प्रयत्न करायचा नाही. माझ्या मते साऱ्या रचनेतला सर्वांत शहाणा भाग हाच. आपला माणसांचा स्वभाव उलटा. काम होत नाही म्हटले की आपण अधिक जोर लावतो.

एकदा ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावरचा पहारा थोडा वेगळा असतो. मार्लिन नावाचे फर्मवेअर बहुतेक यंत्रांत वापरले जात आले आहे. त्यात आकडा चारएक अंशांनी घसरला आणि चाळीस सेकंद वर आलाच नाही, तर यंत्र थांबते. क्लिपर नावाच्या दुसऱ्या फर्मवेअरची रीत मला अधिक आवडली. ती वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. पाच अंशांची तूट माफ. त्याखाली जितके अंश कमी, तितके दर सेकंदाला वहीत मांडायचे. तूट भरून निघाली की वही कोरी. पण बेरीज एकशेवीसवर गेली की दुकान बंद. माफीच्या पलीकडे एकच अंश कमी असेल तर यंत्र दोन मिनिटे वाट पाहते. दहा अंश कमी असेल तर बारा सेकंदांत थांबते. थोड्या उधारीला सबुरी आणि मोठ्या उधारीला तडकाफडकी नकार, हे कोणत्याही वाण्याला पटेल.

सबुरी कशाला, असे वाटेल. कारण खोट्या हाका. शेजारची खिडकी उघडली, पंख्याची झुळूक थेट तोटीवर आली, तरी आकडा दोनचार अंश हलतो. तेवढ्याने यंत्र थांबू लागले तर लोक वैतागतात. आणि वैतागलेला माणूस पहारेकऱ्यालाच घरी पाठवतो. त्या संध्याकाळी हेच घडू पाहत होते. दोन मुलांनी मोबाईलवर एक युक्ती शोधून ठेवली होती.

“दादा, ही तपासणी बंद करता येते. त्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि परत यंत्रात भरायचं. मग ते थांबणारच नाही. रात्रभर चालू ठेवू, सकाळी तबकडी तयार!”

हे अक्षरशः खरे आहे. मार्लिनच्या मजकुरात या पहाऱ्याची एक ओळ असते. तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा आल्या की यंत्र ती ओळ आज्ञा म्हणून न वाचता टीप म्हणून सोडून देते. शब्द तेच, जागेवर तेच, पण अर्थ गेला. भाषेच्या माणसाला अंगावर काटा आणणारी गोष्ट!

मॅडमनी विचारले, “रात्री इथं कोण असतं?” शाळेचे शिपाईमामा दारातच उभे होते. ते म्हणाले, “मी असतो की. पण मी झोपतो व्हरांड्यात. हे आतल्या आत धगधगलं तर मला कळायचं कसं, बाई?”

मुले हिरमुसली. खोडदला रिकाम्या हाताने जायचे, तेही सकाळी नवाला! त्यांचे म्हणणे होते की सारा दोष वाऱ्याचा आहे. म्हणून प्रथम खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, पुठ्ठ्याचा आडोसा केला. यंत्र पाऊण तास चालले आणि पुन्हा थांबले. तेव्हा त्याच गप्प मुलीने अर्धवट छापलेली तबकडी दिव्यासमोर धरली. पहिले थर स्वच्छ पांढरे होते. वर वर मात्र कोळिष्टकासारखे धागे लोंबत होते आणि मधून मधून तपकिरी ठिपके. दादाने ते पाहिले, आणि वाऱ्याचा विषय तिथेच संपला. वाऱ्याने प्लास्टिक गार होईल, करपेल कसे? पडदा दोनशे म्हणत होता, प्लास्टिक मात्र त्याहून बरेच अधिक तापून आल्याची साक्ष देत होते.

यंत्राची वीज काढली, ठोकळा निवू दिला आणि बारीक पान्याने पाहिले. मणी धरून ठेवणारा इवलासा स्क्रू सैल झाला होता. तोटी दिवसभर इकडून तिकडे धावते, तिच्या हादऱ्यांनी तो फिरत गेला असणार. मणी जरासा बाहेर सरकला तेव्हा त्याने खऱ्यापेक्षा कमी ताप सांगितला. यंत्राने वीज वाढवून आकडा दोनशेवर आणला, आणि खरा ताप वर गेला. पुढे एखाद्या जोराच्या हिसक्याने मणी आणखी सरकला की आकडा धपकन पडे, आणि पहारेकरी ओरडे. चार वेळा तो बरोबरच ओरडला होता. पाचव्यांदा मणी पुरता बाहेर आला असता आणि त्याच रात्री ती ओळ दोन रेघांखाली मुकी केलेली असती, तर शेजारच्या कपाटात खोडदसाठी रंगवलेले सारे पुठ्ठ्याचे फलक होते.

इथे पहाऱ्याची एक मर्यादाही लक्षात येते. मणी हळूहळू सरकत होता तोवर, म्हणजे तासभर तरी, त्याला काही कळले नव्हते. धागे आणि ठिपके एका मुलीच्या डोळ्यांना आधी दिसले. अलीकडच्या काही फर्मवेअरमध्ये यावरही इलाज आहे. दोनशे अंश टिकवायला एरवी किती वीज लागते याचा अंदाज यंत्र बांधून ठेवते, आणि त्याहून फार अधिक लागू लागली की संशय घेते. घरखर्च अचानक वाढला की गृहिणी घेते तसा.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक खटका कधी कधी जळून ‘चालू’ स्थितीतच अडकतो. मग फर्मवेअरला सगळे कळते, पडद्यावर मोठ्या अक्षरांत संदेश येतो, हुकूमही सुटतो, पण ऐकणारे कोणी नसते. तसेच यंत्राचा मेंदूच हीटर चालू असताना गोठला तर? त्यासाठी त्याच चिपमध्ये एक वेगळा राखणदार असतो. मेंदूने दर काही सेकंदांनी त्याला “मी जागा आहे” असे कळवायचे. हाक आली नाही की तो मेंदू पुन्हा सुरू करतो आणि त्यात हीटर बंद होतो. मेंदू झोपला तर हा इलाज पुरतो. अडकलेल्या खटक्याला मात्र धातूचाच पहारेकरी हवा: ठरावीक तापाला तुटणारा थर्मल फ्यूज, किंवा सारी वीज तोडणारा वेगळा रिले. शेवटी आपण पुन्हा कुकरच्या त्या गोल वस्तूपाशी येतो. खोडदच्या तबकड्यांनासुद्धा वारा फार वाढला की निरीक्षण सोडून तोंड आकाशाकडे करून स्वस्थ उभे राहावे लागते. निरीक्षणाचा वेळ बुडतो, तबकडी वाचते.

मुलांनी दुसऱ्या दिवशी अर्धी तबकडीच नेली, धागे आणि ठिपक्यांसकट. शेजारी तो सैल स्क्रू कागदावर चिकटवलेला होता. चौथ्या शब्दाखाली त्या मुलीने आपली ओळ घातली होती: ‘आकडा उतरतो, ताप चढतो.’ माझा ‘बेलगाम’ तिने ठेवला, हे तिचे सौजन्य.

हा अंक वाचणाऱ्या घरांपैकी काहींत या दिवाळीला मुलांसाठी असे यंत्र येईल. तेव्हा एक परीक्षा जाणत्याकडून करून घ्यावी. यंत्राची वीज पूर्ण काढून हीटरच्या तारा त्याच्या पाटीवरून सोडवायच्या, मग यंत्र सुरू करून दोनशे अंशांचा हुकूम द्यायचा. मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत, ‘हीटिंग फेल्ड’ असा संदेश येऊन यंत्र थांबले पाहिजे. पुन्हा वीज काढून थर्मिस्टरच्या तारा सोडवल्या तर सुरू होताच तक्रार आली पाहिजे. यांपैकी काही न होता यंत्र मुकाट वाट पाहत बसले, तर ते दुकानात परत करावे, किंवा त्यात नवे फर्मवेअर भरून घ्यावे. घरच्या विजेकडची पेटी मात्र मुलांना उघडू देऊ नये. यंत्र पडद्यांपासून आणि वर्तमानपत्रांच्या रद्दीपासून दूर, फरशीच्या ओट्यावर ठेवावे. आणि महिन्यातून एकदा, यंत्र थंड असताना, तो बारीक स्क्रू पान्याने पाहावा. अगदी हलक्या हाताने, फार आवळला तर मणी फुटतो.